बालाघाटचा पाणीदार खजिना

बीडचं नाव काढलं की बाहेरगावचा माणूस आधी दुष्काळाची चौकशी करतो, मग ऊसतोडीची. दोन्ही खरं आहे. दसरा-दिवाळीनंतर इथल्या वाड्या-वस्त्यांवरून माणसं कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि मागं घराला कुलूप नाहीतर म्हातारी माणसं उरतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा वर्तमानपत्रात छापून येतात. शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून चक्क रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेही सगळ्या देशानं पाहिलं.

पण याच मुलखात सव्वाचारशे वर्षांहून जुनी एक विहीर आहे आणि तिचं नाव ‘खजाना’ आहे. याच मुलखात नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात महाल बांधलेला आहे. डोंगराच्या कडेवरून दरीत झेपावणारे धबधबे आहेत, मोरांचं अभयारण्य आहे, तळ्याच्या मधोमध उभं असलेलं दगडी देऊळ आहे. हे सगळं सोलापूर-धुळे महामार्गाच्या आसपास पसरलेलं आहे. त्या रस्त्यानं दरवर्षी लाखो लोक तुळजापूरला जातात, येतात आणि डावी-उजवीकडे न पाहता पुढं निघून जातात.

सध्या रमजान चालू आहे. दिवसभराच्या रोजानंतर मगरिबच्या अजानला पहिला घोट घशाखाली उतरतो, तेव्हा पाणी म्हणजे काय ते नव्यानं कळतं. ते एकादशी-शिवरात्रीचा निर्जळी उपास करणाऱ्यालाही कळतं आणि चैत्राच्या उन्हात रानात राबणाऱ्यालाही. ईद झाली की बासी ईदला घरोघरी एकच प्रश्न असतो, यंदा मुलाबाळांना घेऊन जायचं कुठं? त्याच त्या ठिकाणांची नावं निघतात. यंदा या यादीत बालाघाट घालून पाहा. मराठवाड्यातल्या माणसाला तो फार लांबही नाही आणि परकाही नाही.

डोंगर एक, वाटा तीन

बालाघाट म्हणजे सह्याद्रीतून निघून आग्नेयेकडे पसरत गेलेली डोंगरांची एक ओळ. सह्याद्रीसारखे उंच सुळके इथं नाहीत. वर सपाट माळ, आणि माळ संपला की एकदम घळ, असं त्याचं रूप. सगळा दगड काळा, लाव्हाचा. पण हा दगड एकसंध नाही. कठीण थरांच्या मधे मुरमाचे आणि सच्छिद्र दगडाचे थर आहेत. पावसाचं पाणी माळावर मुरतं, या मधल्या थरात साठतं आणि डोंगराची कड जिथं तुटते तिथं झरा होऊन बाहेर येतं. इथली जुनी देवस्थानं, मठ, दर्गे पाहत गेलं तर त्यांतली बरीचशी अशाच ओलाव्याच्या जागी सापडतात.

पाटोदा तालुक्याचा माळ हा तर पाण्याचा तिठाच. इथल्याच डोंगरात बिंदुसरा उगम पावते आणि उत्तरेला बीड शहरातून पुढं गोदावरीच्या खोऱ्यात जाते. मांजरा इथंच जन्मते आणि पूर्वेकडे लातूर-नांदेडच्या दिशेनं लांबचा पल्ला गाठते. आणि विंचरणा दक्षिणेकडे उतरून सीनेला मिळते, म्हणजे तिचं पाणी भीमेतून कृष्णेत. एका माळावर पडलेला पाऊस असा दोन मोठ्या खोऱ्यांत वाटला जातो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग. पाऊस बेताचा आणि लहरी. पण जो पडतो तो धरून कसा ठेवायचा, हे इथल्या जुन्या माणसांनी नीट ओळखलं होतं.

पाण्याची तिजोरी

बीडहून दक्षिणेकडे पाच-सहा किलोमीटरवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तजा निजामशहाच्या राजवटीत सलाबतखानानं ती बांधवली. हिजरी सन ९९१, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबानं १५८३-८४. आणि बांधणारा स्थापत्यकार होता राजा भास्कर. पैसा आणि हुकूम एकाचा, अक्कल आणि हिशेब दुसऱ्याचा, आणि पाणी खालच्या रानातल्या सगळ्यांचं.

विहीर वरून पाहिली तर मोठा गोल आड वाटतो. पायऱ्या उतरून खाली गेल्यावर तिचं खरं रूप दिसतं. पाण्याच्या सभोवती फिरता येईल असा दगडी सज्जा आहे, आणि भिंतीत भुयारांची तोंडं आहेत. काही भुयारं जमिनीखालचं पाणी विहिरीत आणून सोडतात आणि एक भुयार ते शेतांकडे घेऊन जातं. इथं मोट नव्हती, बैल नव्हते, रहाटही नव्हता. विहीर चढाला, शेतं उताराला. भुयाराला इतका बेताचा उतार दिलेला की पाणी आपल्या पायानं चालत रानात जावं. उतार जास्त झाला तर पाणी तळ उकरतं, कमी झाला तर गाळ बसून वाट बंद होते. दोन्हींच्या मधला तो नेमका उतार जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात साधणं ही राजा भास्करांची कमाल.

इराणकडच्या मुलखात डोंगरातलं पाणी अशा भुयारातून गावात आणण्याची रीत फार जुनी. दख्खनच्या सुलतानांकडे तिकडची माणसं आली, त्यांच्याबरोबर ही विद्या आली. इथल्या पाथरवटांना आणि बेलदारांना दगडाची आणि झऱ्याची नस माहीत होती. दोन्ही ज्ञानं एकत्र आली तेव्हा अशा विहिरी आणि नहरी झाल्या. मलिक अंबरनं पुढं खडकी गावात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर खेळवली तीही याच कुळातली. पाणचक्कीमुळे ती नहरींची विद्या सगळ्यांना माहीत झाली. तिच्याहून आधीची बीडची विहीर मात्र जिल्ह्याबाहेर फार कुणी ऐकलेली नसते.

ईदच्या आसपास उन्हाळा असताना पाहायला ही जागा चांगली. धबधब्यांसारखी तिला पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही, उलट पाणी उतरलेलं असताना बांधकाम जास्त दिसतं. मात्र पायऱ्या जुन्या आहेत, कठडे सगळीकडे नाहीत. मुलांचा हात सोडू नका आणि भुयारात शिरण्याचं धाडस करू नका.

बीड शहर आणि सुलतानाचा दात

बीड शहराला बिंदुसरेनं दिलंही आणि घेतलंही. १९८९ च्या जुलैमधला तिचा महापूर आजही जुन्या बीडमधली माणसं विसरलेली नाहीत. एरवी पाण्यासाठी तरसणारं गाव त्या दिवशी पाण्यात गेलं होतं.

शहरातच कंकालेश्वराचं देऊळ आहे. काळ्या दगडाचं, चांदणीसारख्या कोनाकोनांच्या पायाचं, तीन गाभाऱ्यांचं, आणि चहूबाजूंनी तळं. देवळापर्यंत जायला पाण्यातून बांधलेली वाट. महाशिवरात्रीला इथं जत्रा भरते. बाकी वर्षभर संध्याकाळी कट्ट्यावर बसायला येणाऱ्यांत सगळ्या मोहल्ल्यांची आणि गल्ल्यांची माणसं दिसतात. भिंतीवरची शिल्पं निवांत पाहण्यासारखी आहेत.

शहराच्या पूर्वेला टेकडीवर शहेंशाहवलींचा दर्गा आहे. चौदाव्या शतकातले हे सूफी, मुहंमद बिन तुघलकाच्या काळात बीडला आले. दर्ग्याच्या आवारातली बांधकामं एकाच वेळची नाहीत, पुढच्या चार-साडेचारशे वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी ती वाढवत नेली. टेकडीवरून सगळं बीड एका नजरेत येतं.

तुघलकाचा विषय निघालाच आहे तर एक मजेची जागा. दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवणारा हा सुलतान एकदा दख्खनच्या स्वारीवर असताना बीडजवळ त्याचा दात दुखू लागला आणि तो काढावा लागला. दात गेला म्हणून सुलतान काय करील? त्यानं तो समारंभानं पुरायला लावला आणि त्यावर मकबरा बांधला. फरिश्त्यासारख्या जुन्या इतिहासकारानंही हा किस्सा नोंदवला आहे. बीडच्या दक्षिणेला कर्झणी गावाजवळच्या टेकडीवरची पडकी इमारत म्हणजेच तो दाताचा मकबरा. जगात राजांच्या कबरी पुष्कळ आहेत, दाताची कबर शोधायला मात्र बीडलाच यावं लागेल. इतिहासाच्या तासाला जांभया देणारी मुलं ही गोष्ट ऐकून कान टवकारतात. पण तिथं वाट दाखवणारी एखादी पाटी मिळेल या भरवशावर जाऊ नका, गावात विचारत विचारतच जायचं.

कपिलधार, सौताडा आणि मोरांचं रान

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की वीसेक किलोमीटरच्या टप्प्यात कपिलधार येतं. डोंगराच्या बेचक्यात वरून पडणारी धार, आणि तिथंच सोळाव्या शतकातले वीरशैव संत मन्मथस्वामी यांची समाधी. ‘परमरहस्य’ हा मराठी ग्रंथ त्यांनी लिहिला. कार्तिकी पौर्णिमेला इथं यात्रा भरते, मराठवाड्यातूनच नव्हे तर कर्नाटक-तेलंगणाकडूनही भक्त येतात. यात्रेचे दिवस सोडले तर इथं शांतता असते, आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा आवाज.

पाटोद्याहून जामखेडच्या दिशेला सौताडा आहे. विंचरणा नदी इथं माळावरून सरळ दरीत कोसळते. वर उभं राहून पाहिलं तर पाणी खाली पोचेपर्यंत त्याचं धुकं झालेलं असतं. पायऱ्या उतरून दरीत गेलं की रामेश्वराचं देऊळ आणि झाडांची गर्द सावली. वरच्या रखरखीत माळावरून आलेल्या माणसाला ही दरी याच जिल्ह्यात आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. धबधबा पाहायचा तर ऑगस्ट ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात धार नसते, दरी मात्र तेव्हाही गार असते.

याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, सुमारे तीस चौरस किलोमीटरचं. इथं घनदाट जंगल शोधू नका. बालाघाटचं रान खुरटं, काटेरी, बोरी-बाभळीचं आणि सीताफळीचं. मोराला असंच रान आवडतं. भल्या सकाळी किंवा उन्हं कलल्यावर गेलात तर आधी केका ऐकू येतात, मग झुडपांतून निळी मान दिसते. सहेरी करून फजरनंतर निघणाऱ्याला तर ही वेळ अगदी सोयीची.

आणि सीताफळ! बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे झाड निगराणी मागत नाही, पाणी मागत नाही, दगडधोंड्यांत वाढतं आणि दसऱ्याच्या सुमाराला साखरेसारखं फळ देतं. बालाघाटच्या माणसाचा स्वभावही काहीसा असाच आहे.

पोटात महाल असलेला बांध

मांजरसुंब्याहून महामार्गानं दक्षिणेला येरमाळा, येडशी करत धाराशिव येतं. येडशीजवळच्या रामलिंग घाटातही दरी, देऊळ आणि पावसाळी धबधबा असा सौताड्यासारखाच योग आहे. महामार्गाच्या पूर्वेला बालाघाटातच धारूरचा किल्ला आहे. आदिलशाहीतल्या किश्वरखानानं तो बांधला आणि १६३१ मध्ये मोगलांनी घेतला. ते दख्खनच्या भयंकर दुष्काळाचे दिवस होते.

तुळजापूरला दर्शन घेऊन पुढं तासाभराच्या आत नळदुर्ग गाठता येतं. सोलापूरकरांना ते हैदराबाद रस्त्यावर पन्नास किलोमीटरच्या आत. बोरी नदीला किल्ल्याभोवती वळवून तिचाच खंदक केलेला आहे. बाजूला रणमंडळ हा जोडकिल्ला, आणि दोन्हींना जोडणारा नदीवरचा दगडी बांध. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये हा बांध झाला. बांधणाऱ्या स्थापत्यकाराचं नाव मीर इमादीन असं सांगतात.

बांध तर पुष्कळ ठिकाणी आहेत. पण या बांधाच्या पोटात खोल्या आहेत, जिने आहेत, सज्जे आहेत. हाच पाणीमहाल. बोरी भरून आली की पाणी बांधाच्या माथ्यावरून दोन जागी खाली पडतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. अशा वेळी महालातल्या खिडकीत उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा, पाठीमागं साठलेलं पाणी, डोक्यावरून वाहणारी नदी, आणि आतला माणूस कोरडा. चारशे वर्षं पुराचे धक्के खाऊन बांध उभा आहे. वरच्या अंगाला असलेलं बोरी धरण भरून वाहू लागलं की नर-मादी सुरू होतात, म्हणून जाण्याआधी तिकडच्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारावं हे बरं.

किल्ल्यातला उंच उपली बुरूज चढून गेलं की सगळा मुलूख दिसतो. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक फिलिप मेडोज टेलर १८५३ पासून काही वर्षं नळदुर्गला इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिला होता. आणि जवळच मैलारपूरचा खंडोबा. त्याची मूर्ती वर्षातले काही दिवस नळदुर्गला आणि बाकीचे अणदूरला असते, दोन गावं आळीपाळीनं देवाची सेवा करतात. एका गावानं देव आपल्याकडेच ठेवून घेतला असं कधी होत नाही.

नळदुर्गच्या देखभालीकडे गेल्या काही वर्षांत लक्ष दिलं गेलं. बाग झाली, वाटा झाल्या, तिकीट लागलं आणि माणसं येऊ लागली. माणसं आली तशी बाहेर चहा-भज्यांची दुकानं लागली, चार घरांना रोजगार मिळाला. ज्या जिल्ह्यांतून पोटासाठी बाहेर जावं लागतं तिथं ही गोष्ट लहान नाही. खजाना विहीर, कर्झणीचा मकबरा, धारूर यांनाही असे दिवस येऊ शकतात. त्यासाठी आधी आपलीच पावलं तिकडे वळायला हवीत.

मालक कोण?

हल्ली जुन्या वास्तूपुढे उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, ही कुणाची? त्यांची की आमची? खजाना विहिरीपुढे हा प्रश्न टिकत नाही. तिच्या पाण्यानं भिजलेल्या रानात कुणाचा जोंधळा पिकला आणि कुणाचा नाही, हे पाण्याला विचारणार कोण?

पाण्याची सोय करणं हे पुण्याचं काम, यावर इथल्या सगळ्या परंपरांचं एकमत आहे. इस्लाममध्ये ‘सदका-ए-जारिया’ म्हणतात, म्हणजे देणारा गेल्यावरही चालू राहणारं दान. पैगंबरसाहेबांचे सहकारी हजरत साद यांनी आईच्या नावानं कोणतं दान करू असं विचारलं तेव्हा पाण्याचं कर, असं उत्तर मिळालं आणि त्यांनी विहीर खोदली, असं हदीसमध्ये येतं. आपल्याकडे चैत्र लागला की चौकाचौकात पाणपोई लागते ती याच भावनेनं. आणि सौताड्याहून जवळच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवींनी देशभर घाट, बारवा, विहिरी बांधल्या, त्यामागंही दुसरं काय होतं?

खरा धोका वेगळाच आहे. खजाना विहिरीसारखी रचना जमिनीच्या वरच्या थरांतल्या पाण्यावर जगते. आज तिच्या आजूबाजूच्या मुलखात पाचशे-सातशे फूट खोल बोअर घेतले जातात. शेजाऱ्यानं पाचशे घेतला की आपण सहाशे, अशी शर्यत. वरचे थर रिकामे होतात आणि झरे आटतात. अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यावर राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं बंधन घातलेलं आहे, पण कायदा कागदावर आणि बोअरची गाडी रानात. विहीर पडली तर दगड पुन्हा रचता येतील. झरा आटला तर राजा भास्करालाही तो परत आणता येणार नाही.

वाहत्या नदीच्या काठी बसून वजू करत असाल तरी पाणी जास्त वापरू नका, अशीही शिकवण आहे. म्हणजे पाणी भरपूर आहे म्हणून उधळायची परवानगी मिळत नाही. बालाघाटात तर ते भरपूर कधीच नव्हतं, तरी लोकांनी मोजून-मापून, उतार धरून पिढ्यान्‌पिढ्या पुरवलं.

तर बासी ईदला निघा. एकटे निघू नका, शिरखुर्मा खायला घरी आलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही गाडीत घ्या. सकाळी खजाना विहीर, दुपारी कंकालेश्वराच्या कट्ट्यावर सावली, संध्याकाळी शहेंशाहवलींच्या टेकडीवरून मावळतीचं बीड. सौताडा, कपिलधार आणि नळदुर्ग पोळ्यानंतरसाठी राखून ठेवा. जाताना घरून पाणी न्या, रिकाम्या बाटल्या परत आणा, दगडावर नाव कोरू नका. आणि गावातला कुणी म्हातारा भेटला तर त्याला एवढंच विचारा, बाबा, ह्या विहिरीचं पाणी तुमच्या लहानपणी कुठवर असायचं? तो हातानं भिंतीवरची एक रेघ दाखवील. ती रेघ तुमच्या मुलांना दाखवा.